गाडी पाठवली तरी बायका तपासणीला का गेल्या नाहीत?

पावसजवळच्या एका आंबा बागायतदार वहिनींनी विचारलं आहे: "आमच्या बागेत तीन नेपाळी कुटुंबं राखणीला आहेत. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती, आशाताईंनी दोनदा बोलावलं. आम्ही गाडीसुद्धा दिली. एकही बाई गेली नाही. यांना जिवाची काही काळजी नसते का? मी काय करू?"

वहिनी, हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी मलाही पडला होता. तेव्हा भेटलेल्या एका बाईची गोष्ट सांगते. तिची ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पश्चिम नेपाळच्या डोंगरातली, पस्तिशीच्या आसपासची. नवरा राखणदार. ही फवारणीच्या वेळी पाणी ओढायची, हंगामात आंबा निवडून पेट्या भरायची. बागेतल्याच एका खोपीत संसार. अंगावरून पांढरं जातं म्हणून ती आरोग्य केंद्रात आली आणि नर्सताईंनी तिला माझ्याकडे बसवलं.

पहिल्या भेटीत मी चुकले. अर्धा तास मी कॅन्सरच समजावत बसले, मराठी तक्ता दाखवला. ती मान हलवत राहिली. शेवटी म्हणाली, "ठीक है दीदी, कल आऊंगी." ती आलीच नाही.

दुसऱ्यांदा मीच बागेत गेले. दुपारी, पुरुष झोपलेले असताना. या वेळी कॅन्सर हा शब्दच काढला नाही. गावाकडे कोण कोण आहे, एवढंच विचारलं. बोलता बोलता सासूचा विषय निघाला. सासूचं अंग बाहेर यायचं, म्हणजे गर्भाशयाची पिशवी खाली सरकायची. नेपाळच्या डोंगरी भागात हा त्रास इतका सर्रास आहे की त्यांच्याकडे त्याला शब्दच आहे, 'आङ खस्ने'. एका शिबिरात नेऊन सासूची पिशवी काढली. त्यानंतर तिला कधी भारा उचलता आला नाही. मग तिने हळूच विचारलं, "उधर जाऊंगी तो मेरा भी पाठेघर निकाल देंगे ना?"

पाठेघर म्हणजे गर्भाशय. तिच्या लेखी शिबिर, गाडी आणि पिशवी काढणं ही एकाच दोरीची तीन टोकं होती. तुम्ही पाठवलेल्या गाडीकडे तुमच्या बायकांनी कशा नजरेने पाहिलं असेल, याचा विचार करून बघा. आणि ही भीती फक्त नेपाळी बायकांची नाही. 'तपासायला गेलं की पिशवी काढायला लावतात' हे मी आपल्या गावांतही कितीदा ऐकलं आहे.

म्हणून आधी भीतीलाच उत्तर दिलं. नर्सताईंनी तपासणीचं साधन तिच्या हातात दिलं. सांगितलं की व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल पातळ करून, तीन ते पाच टक्क्यांचं, गर्भाशयाच्या तोंडाला कापसाने लावतात आणि मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उठला तर पुढे बघायचं, नाही उठला तर घरी जायचं. सुई नाही, भूल नाही, कापणं नाही. डाग उठला म्हणजे कॅन्सर झाला असंही नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे पेशी बदलू लागतात, आणि तिथून कॅन्सरपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. तेवढ्या काळात तो डाग शेकून घालवता येतो. पिशवी जागेवरच राहते. हे शेवटचं वाक्य तिने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

मग दुसऱ्या गाठी सुटल्या. केंद्रात आधार मागतील आणि नाव लिहून परत पाठवतील, असं तिला वाटत होतं. आम्ही नर्सताईंशी आधीच बोललो, नाव आणि फोन नंबरावर नोंद झाली. विषाणू संबंधातून येतो हे कळल्यावर तिचा चेहरा उतरला, कारण नवरा कितीतरी वर्षं मुंबईत एकटा राहिला होता. तिला सांगितलं की संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना हा विषाणू कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या अंगातून आपोआप जातो. कुणाच्या चारित्र्याचा दाखला त्यातून निघत नाही.

सुरुवात तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीपासून केली. ती खैनी खायची. बॅटरीच्या उजेडात गाल आणि जीभ बघायला कुणाची ना नसते. आपल्याकडे मिशरी लावणाऱ्या बायकांनाही मी आधी तोंडच दाखवायला सांगते. एकदा तोंड दाखवलं की पुढची भीड थोडी कमी होते.

खाडीकाठच्या मोहल्ल्यातल्या बायकांचं मात्र वेगळं होतं. त्यांना तपासणी ठाऊक होती. बघणारी बाईच आहे का आणि दाराला आतून कडी आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. शिबिराची तारीख मात्र कुणीतरी रमजानात धरली होती. ती बदलली, बायका आल्या. तपासायला मोठी डॉक्टरच हवी असंही नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. तिथे ही तपासणी दहावी शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या बायकांनी केली, आणि तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले.

त्या नेपाळी बाईला तपासणीत डाग निघाला. एप्रिल संपत आला होता आणि जूनमध्ये ती गावी निघणार होती. ही वेळच सगळ्यात वाईट. बाई निघून जाते आणि कागद इथेच फाइलमध्ये राहतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन पुन्हा नीट तपासलं, कॅन्सर नाही याची खात्री केली आणि मे महिन्यात तो डाग शेकला. काही मिनिटांचं काम. खरी अडचण पुढेच होती, कारण त्यानंतर चार ते सहा आठवडे नवऱ्याने लांब राहायचं असतं. एका खोपीत राहणाऱ्या बाईने हे कसं सांगायचं? ती म्हणाली, "आप बोलो." मग तिच्या समोरच मी त्याच्याशी बोलले. जखम भरायची आहे, पाणी जाईल, घाबरू नका, एवढंच. त्याने खाली बघत विचारलं, "पेटी उठा सकती है?" मी म्हटलं, काही दिवस नको. त्या दिवसापासून पेट्या तो उचलू लागला.

वर्षभराने पुन्हा तपासायचं, हे हिंदीत लिहून कागद तिच्याच पिशवीत ठेवला. ऑक्टोबरमध्ये ती जावेला घेऊन आली. जावेला बाहेर बाकावर बसवून तीच समजावत होती, नेपाळीत. मला 'पाठेघर' एवढा एकच शब्द कळला.

आता तुमच्याबद्दल, वहिनी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी केलेल्या निघाल्या फक्त 1.9 टक्के. तुम्ही केली आहे का? सरकारी कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी होते. तुम्ही स्वतः करून या, आणि काय झालं ते त्यांच्या खोपीत बसून सांगा. जायचा आग्रह मात्र करू नका. मालकिणीपुढे बाई हो म्हणते आणि आतून आणखी घाबरते. निकालही विचारू नका, तो तिचा आहे. आशाताईंना सांगून तारीख मोहोराच्या दिवसांत घ्या, आंबा उतरायला लागल्यावर नको, म्हणजे काही निघालंच तर पुढच्या उपचाराला वेळ राहतो. पाळीचे दिवस टाळता येतील अशा दोन तारखा मागून घ्या. आणि त्या दिवसाची मजुरी कापणार नाही, हे त्यांच्या नवऱ्यांना आधीच सांगून ठेवा.