उन्हाला सरावलेल्या सोलापूरकरांना कॅलिफोर्नियाच्या (अमेरिका) वाळवंटातल्या पाम स्प्रिंग्ज शहरात मुलाकडे कायमचं राहणं जमेल का?

नोव्हेंबर ते एप्रिल खुशाल राहा, बारमाही नको. सोलापूरचा मे सोसला म्हणजे तिथलं ऊनही सोसेल, हा हिशेब चुकतो. आपल्याकडे जूनमध्ये पावसाने पारा उतरतो, तिथे तेव्हा कुठे खरा उन्हाळा सुरू होतो. 5 जुलै 2024 ला 51.1 अंशांची नोंद आहे. मी एक जुलै काढलाय: फिरणं पहाटेच, मग दिवसभर एसी (घाम फुटतो तो विजेचं बिल बघून). हिवाळा मात्र सुरेख. गाडी चालवता येत नसेल तर अडकून पडाल. मुलगा घर विकत घेणार असेल तर कागद नीट बघा: तिथली बरीच जमीन आग्वा कालिएंते या आदिवासी जमातीची आहे, त्यामुळे अनेक घरांखालची जमीन भाडेपट्ट्याचीच असते.