रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा मत्स्यटँक) दीड महिन्याचा आहे, क्लाउनफिशला राहायला अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आत्ताच आणू का?

नको, निदान सहा महिने थांबा; वर्षभर थांबलात तर उत्तमच. टेस्ट किटमध्ये अमोनिया, नायट्राइट हे विषारी घटक शून्य आले म्हणजे पाणी स्थिरावलं असं नाही. अ‍ॅनिमोनच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल प्रकाशावर त्याला पोसतं. मीठ, तापमान किंवा दिव्यात मोठे चढउतार झाले की तो हे शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि हळूहळू उपाशी मरतो. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५-२६ अंश टिकवा. आपल्याकडच्या मे महिन्यात चिलरशिवाय (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) ते कठीणच. आणखी एक, जागा पटली नाही की तो सरकत हिंडतो. माझा पहिला असाच वेव्हमेकरमध्ये (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपात) सापडला आणि सकाळपर्यंत सगळं पाणी नासलं, म्हणून पंपांना आधी जाळी किंवा फोम लावा.

सुरुवात बबल-टिप जातीच्या अ‍ॅनिमोनने करा, त्यातल्या त्यात तोच चिवट. मात्र ऑसेलॅरिस या जातीच्या क्लाउनफिशचा तो निसर्गातला यजमान नाही, म्हणजे समुद्रात हा मासा त्याच्यात राहत नाही. टँकमध्ये बहुतेकदा दोघांचं जमतं, पण खात्री नाही; आणि टँकमध्येच पैदास झालेल्या क्लाउनफिशचं अ‍ॅनिमोनवाचून काहीच अडत नाही.