पाणीवापराच्या जागतिक मर्यादेचा नाशिकच्या शेतकऱ्याशी काय संबंध?

संबंध आहे, पण सरळ भागाकार करून तो निघत नाही. 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी नद्या-भूजलाच्या वापराला जगभरासाठी वर्षाला 4000 घन किलोमीटरची मर्यादा सुचवली. 2023 च्या मांडणीत मातीतला ओलावाही धरलाय. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. ड्रिपरखालची माती मुठीत दाबून तिचा गोळा होतो का, हे आपण द्राक्षबागेत बघतोच ना!

मर्यादा खरी ठरते ती खोऱ्यात. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या, म्हणजे नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे 2014 च्या आदेशात ठरलं. राग येतो, मान्य. पण मराठवाड्यालाही तहान आहे. आणि ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग लावली, तर गोदावरीच्या हिशेबात काहीच वाचत नाही.