शीतयुद्धामुळे वसाहती सुटल्या का? इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि गोवा

तुमचा प्रश्न असा आहे: "अमेरिका आणि सोव्हिएत रशिया दोघेही वसाहतवादाच्या विरोधात होते आणि त्यांच्या चढाओढीत युरोपची साम्राज्यं संपली, असं आमच्या क्लासच्या नोट्समध्ये दिलंय. परीक्षेत हेच लिहू का?"

एवढंच लिहू नका. यात अर्धं खरं आहे. साम्राज्यांचे वासे ही चढाओढ सुरू व्हायच्या आधीच फिरले होते. कोणाची सुटका लवकर होणार, कोणाला त्यासाठी लढावं लागणार आणि मोल काय मोजावं लागणार, यावर मात्र चढाओढीचा फार मोठा परिणाम झाला.

आधी तारखा पाहा. फेब्रुवारी 1942 मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतलं, मार्चमध्ये जावा. गोऱ्या साहेबाला हात वर करून शरण जाताना आशियाने तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. 1945 मध्ये ब्रिटन जिंकलं, पण तिजोरीत खडखडाट होता. ज्या हिंदुस्थानावर राज्य करायचं त्याचंच एक अब्ज पौंडांहून जास्त देणं डोक्यावर होतं, आणि 1946 मध्ये अमेरिकेकडून 375 कोटी डॉलर कर्जाऊ घ्यावे लागले. त्याच वर्षी 18 फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावरचे नौसैनिक उठले आणि त्यांच्या पाठीशी गिरणी कामगार रस्त्यावर आले. ज्या हिंदी फौजेच्या जोरावर अर्ध्या आशियावर पहारा ठेवायचा, तिचाच भरवसा उरला नाही. ब्रिटन हिंदुस्थान सोडणार हे ब्रिटिश पंतप्रधान ॲटलींनी 20 फेब्रुवारी 1947 रोजी जाहीर केलं. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांचं साम्यवादाला रोखण्याचं ते प्रसिद्ध भाषण त्यानंतर तीन आठवड्यांनी, 12 मार्चला झालं. म्हणजे आपल्या बाबतीत तरी तुमच्या नोट्सचा क्रमच उलटा आहे.

आता इंडोनेशिया घेऊ, म्हणजे डचांची (हॉलंडची) वसाहत. हे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण आपल्या पुस्तकांत ते दोन ओळींत उरकतात. राष्ट्रवादी नेते सुकार्नो आणि हट्टा यांनी 17 ऑगस्ट 1945 रोजी जाकार्तात स्वातंत्र्य पुकारलं. डचांकडे तेव्हा तिथे उतरवायला फौजच नव्हती. म्हणून जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायला ब्रिटिश गेले, आणि ब्रिटिश म्हणजे बहुतांशी हिंदी पलटणी. ऑक्टोबरअखेर सुराबायाच्या बंदरात जी ब्रिगेड उतरली तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. आपल्या सातारा-कोल्हापूरकडची मुलं, घरी स्वातंत्र्याचं वारं वाहत असताना, दुसऱ्या एका देशाच्या स्वातंत्र्यसैनिकांसमोर बंदूक धरून उभी होती. 30 ऑक्टोबरला त्यांचा ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. 10 नोव्हेंबरपासून ब्रिटिशांनी शहरावर विमानांनी आणि जहाजांवरच्या तोफांनी मारा केला, तरी ते पुरतं ताब्यात यायला तीन आठवडे लागले. काही हिंदी शिपाई पलीकडच्या बाजूला जाऊन मिळाले. नेहरूंनी हिंदी फौज तिथे वापरायला जाहीर विरोध केला होता. 10 नोव्हेंबर हा इंडोनेशियात आजही वीरदिन म्हणून पाळतात.

हे सगळं चाललं तेव्हा अमेरिका कोणाच्या बाजूने होती? डचांना तिची मार्शल योजनेची (युद्धानंतर युरोप उभा करण्यासाठीची) मदत मिळत होती आणि ते जावा-सुमात्रात 'पोलिसी कारवाई'च्या नावाखाली उघड युद्ध करत होते. हवा बदलली ती सप्टेंबर 1948 मध्ये. मादियून इथे कम्युनिस्टांनी सुकार्नो-हट्टांच्या प्रजासत्ताकाविरुद्धच उठाव केला. त्यांचा नेता मुसो नुकताच मॉस्कोहून परतला होता. प्रजासत्ताकाने तो उठाव काही आठवड्यांत मोडून काढला. वॉशिंग्टनला हवा होता तो दाखला मिळाला: ही माणसं राष्ट्रवादी आहेत, पण लाल नाहीत. त्यानंतर 19 डिसेंबरला डचांनी योग्यकर्तावर छत्रीधारी सैनिक उतरवून सुकार्नो-हट्टांना पकडलं, तेव्हा अमेरिकेने इंडीजच्या, म्हणजे डचांच्या या वसाहतीच्या, वाट्याची मार्शल मदत थांबवली. पुढे खुद्द हॉलंडची मदतही तोडण्याची भाषा सुरू झाली. जानेवारी 1949 मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरवली, सुरक्षा परिषदेने ठराव केला, आणि 27 डिसेंबर 1949 रोजी सत्तांतर झालं. पण डचांच्या वसाहती सरकारचं 4.3 अब्ज गिल्डरचं कर्ज नव्या देशाच्या गळ्यात बांधलं गेलं. त्यातला मोठा भाग इंडोनेशियनांविरुद्धच्याच लढाईत खर्च झाला होता. मला दरवेळी हे वाचताना संताप येतो.

याच्या शेजारी फ्रान्सची वसाहत असलेलं व्हिएतनाम ठेवून पाहा. कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह यांनी 2 सप्टेंबर 1945 रोजी हनोईत स्वातंत्र्य जाहीर केलं. भाषणाची सुरुवात त्यांनी अमेरिकेच्याच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने केली. ट्रूमनना पत्रं पाठवली, त्यांना उत्तर आलं नाही. युरोपात फ्रान्स दुखावलेला चालणार नव्हता. 1949 मध्ये चीन माओंच्या हाती गेला, जानेवारी 1950 मध्ये चीन आणि रशियाने हो यांच्या सरकारला मान्यता दिली आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने फ्रेंचांनी पुढे केलेल्या बाओ दाईच्या सरकारला. मे 1954 मध्ये दिएन बिएन फू हा फ्रेंचांचा लष्करी तळ पडला, तोवर त्या फ्रेंच युद्धाचा तीन चतुर्थांशाहून जास्त खर्च अमेरिका उचलत होती. दोन्ही देशांनी सोळा दिवसांच्या अंतराने स्वातंत्र्य पुकारलं होतं. एकाच्या मदतीला महासत्ता आली, दुसऱ्याच्या वाटेत आडवी पडली. म्हणून 'अमेरिका वसाहतवादविरोधी होती' हे वाक्य कुठली वसाहत आणि कुठलं साल ते सांगितल्याशिवाय लिहू नये.

रशियाचंही तेच. 1956 च्या नोव्हेंबरात इजिप्तच्या सुएझ कालव्यावर ब्रिटन-फ्रान्सने हल्ला केला म्हणून मॉस्को गर्जत होतं आणि त्याच आठवड्यात त्याचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. सुएझची माघार घडवली ती अमेरिकेने पौंडाची नाडी दाबून. सप्टेंबर 1960 मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी संयुक्त राष्ट्रांत वसाहतींच्या तात्काळ मुक्तीची मागणी केली, पण 14 डिसेंबरला मंजूर झालेला 1514 क्रमांकाचा ठराव त्यांचा नव्हता, तो 43 आफ्रिकी-आशियाई देशांचा होता. बाजूने 89, विरोधात कोणी नाही, तटस्थ 9. त्या नऊंत अमेरिका होती, कारण ब्रिटनने तशी गळ घातली होती. ठराव मंजूर झाला तेव्हा अमेरिकी शिष्टमंडळातल्या झेल्मा जॉर्ज या कृष्णवर्णीय सदस्या उठून टाळ्या वाजवू लागल्या. आपल्याच सरकारच्या मताविरुद्ध एका बाईने भर सभागृहात वाजवलेल्या त्या टाळ्या मला फार मोलाच्या वाटतात.

आता गोवा. मी बांद्याचा, गोव्याच्या सीमेजवळचा. पत्रादेवीची हद्द आमच्याकडे घरातली गोष्ट आहे. 15 ऑगस्ट 1955 रोजी सत्याग्रही निःशस्त्र आत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग तिथेच पडला. त्या एका दिवसात वीसहून जास्त माणसं गेली. छोटासा पोर्तुगाल एवढी मुजोरी कशाच्या बळावर करत होता, हा प्रश्न लहानपणी मला पडायचा. त्याचं उत्तर अटलांटिकमध्ये आहे. पोर्तुगाल 1949 मध्ये नाटोचा, म्हणजे अमेरिकेच्या पुढाकाराच्या लष्करी गटाचा, संस्थापक सदस्य झाला, आणि त्याच्या अझोर्स बेटांवरचा लाजेस विमानतळ अमेरिकेला युरोपकडे जाताना टप्प्यासाठी हवा होता. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी 1951 मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' केलं, म्हणजे गोवा वसाहतच नव्हे, असं म्हणायला ते मोकळे. डिसेंबर 1955 मध्ये ख्रुश्चेव्ह आणि रशियाचे पंतप्रधान बुल्गानिन भारतात फिरत होते आणि गोव्याबद्दल भारताची बाजू घेत होते. त्याच वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्याबरोबर संयुक्त निवेदन काढलं आणि त्यात चक्क पोर्तुगालचे 'प्रांत' हा शब्द आला. भारतभर संताप उसळला.

1961 मध्ये अंगोला या पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतीत उठाव झाला. केनेडी नुकतेच अमेरिकेचे अध्यक्ष झाले होते. मार्चमध्ये सुरक्षा परिषदेत अमेरिकेने पोर्तुगालविरुद्ध, रशियाच्या बरोबरीने मत दिलं. नऊ महिन्यांत काय बदललं? ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि लाजेसचा करार 1962 अखेर संपत होता. 18 डिसेंबरला भारतीय फौजा गोव्यात शिरल्या, तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघारीचा ठराव आणला. बाजूने सात मतं पडली. विरोधात श्रीलंका (तेव्हाचं सिलोन), लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) आणि रशिया, आणि रशियाचं मत म्हणजे नकाराधिकार. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल वास्सालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. लढून मरा, असा सालाझार यांचा हुकूम होता. तो त्यांनी मानला नाही, म्हणून गोव्याचा विध्वंस टळला.

पण रशियाच्या नकाराधिकाराने गोवा सोडवला असं लिहू नका. त्याने फक्त दार बाहेरून बंद होऊ दिलं नाही. दार उघडलं होतं ते 1946 च्या राममनोहर लोहियांच्या मडगावच्या सभेपासून तुरुंगात गेलेल्यांनी, आणि 1955 ला पत्रादेवीला पडलेल्यांनी.

अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ यांना तसं दार मिळालं नाही. तिथे पोर्तुगाल नाटोची हत्यारं वापरत राहिला, बंडखोरांना रशिया-चीनकडून बंदुका मिळत राहिल्या आणि युद्ध तेरा वर्षं चाललं. शेवटी लढून थकलेल्या पोर्तुगीज फौजेतल्याच तरुण अधिकाऱ्यांनी 25 एप्रिल 1974 रोजी लिस्बनमधली हुकूमशाही उलथवली. गोव्यावरचा भारताचा हक्क पोर्तुगालने मान्य केला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नव्या सरकारने भारताशी करार केला तेव्हा.