गुलामावरची पैज

अनेक आशीर्वाद.

पोकरच्या सॉल्व्हरचे, म्हणजे अचूक खेळी काढून देणाऱ्या प्रोग्रॅमचे, तक्ते पाठ करायला घेतलेस, हे वाचून जरा काळजी वाटली. पाठांतराला माझी ना नाही. पण त्यातला एक तरी आकडा कुठून आला, हे स्वतः काढल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

त्यासाठी गणितज्ञ हॅरोल्ड कून यांचा १९५० सालचा छोटा पोकर घे. पानं तीनच: गुलाम, राणी, राजा. दोघांनी एकेक काडी मध्ये टाकायची, एकेक पान घ्यायचं. पैज आणखी एकाच काडीची. (पैशांनी नको. काड्याच घे.) समज, पहिली पाळी तुझी आहे आणि राजा आला की तू दर वेळी पैज लावतेस. मग गुलाम आल्यावर? उघडा झाला की तो हरणारच. तरीही तीनपैकी एकदा त्याच्यावर पैज लावायची. हीच थाप, म्हणजे ब्लफ. समोरच्याकडे राणी असेल, तर त्याला एक काडी घालून तीन मिळवायच्या असतात. तुझ्या पैजांमध्ये बरोबर पाव थापा असल्या, की त्याने कॉल केला (तुझ्या पैजेइतकी काडी घातली) काय नि पान टाकून डाव सोडला काय, सरासरी तीच. त्यानेही राणीवर तीनपैकी एकदाच कॉल केला, तर तुझ्या थापेतून तुला काही सुटत नाही. गंमत अशी की दोघं अचूक खेळलात तरी पहिल्या पाळीवाल्याला दर डावात सरासरी एक-अठरांश काडीचा तोटा होतो. आधी बोलावं लागतं, त्याची ही किंमत.

गणितज्ञ फॉन नॉयमन आणि अर्थशास्त्रज्ञ मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ मध्येच गणिताने दाखवलं होतं की थाप हा अचूक खेळाचाच भाग आहे. धाडसी स्वभावाशी तिचा संबंध नाही. हे मला आजही फार सुंदर वाटतं.

आता समोरचा राणीवर कधीच कॉल करत नाही असं दिसलं, तर गुलामावर दर वेळी पैज लाव. दर वेळी करत असेल, तर थाप बंद. पण अशी एका बाजूला झुकलीस की तुझ्याही खेळात फट पडते आणि जाणता खेळाडू ती हेरतोच. मग तो बदलतो, पुन्हा तू बदलतेस. पोकरचा इतिहास असाच घडत आला आहे.

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला लिब्राटस हा प्रोग्रॅम चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध २० दिवसांत १,२०,००० डाव खेळला आणि जिंकला. खेळाडू दिवसभर त्याच्या फटी शोधत, रात्री महासंगणक त्या बुजवत असे. छोट्या पॉटवर (मध्ये जमलेल्या रकमेवर) तो पॉटच्या कित्येक पट पैज लावायचा, आणि त्या मोठ्या पैजांना उत्तर देणं खेळाडूंना फार जड गेलं. नुसता कॉल करून पुढची फेरी आपणच पैज लावून सुरू करणं, ही नवशिक्याची खोड समजली जायची. २०१९ मध्ये प्लुरिबस या दुसऱ्या प्रोग्रॅमने ती व्यावसायिकांपेक्षा कितीतरी जास्त वेळा केली.

तक्ता पाहताना प्रत्येक पैजेला विचार: कोणत्या चांगल्या पानांसाठी आणि कोणत्या थापांसाठी? कूनचा खेळ जमला की पैज दोन काड्यांची कर. थापांचं प्रमाण किती होतं, ते कागदावर मांडून मला पाठव.