‘ख्रिस्तपूर्व हबशी धर्म’ म्हणावं का?

विचारणा अशी आहे: इथिओपियातले लोक ख्रिस्ती होण्याआधी जे देव मानत, त्याला मराठीत ‘ख्रिस्तपूर्व हबशी धर्म’ म्हटलं तर चालेल का? की सरळ ‘मूर्तिपूजक’ म्हणून मोकळं व्हावं?

‘ख्रिस्तपूर्व’ आधी खोडा. मराठीत तो शब्द इसवी सनापूर्वीच्या काळासाठी रुळला आहे आणि इथे तो हमखास घोटाळा करतो. उत्तर इथिओपियातल्या टिग्राय प्रांतातल्या येहा गावचं देऊळ खरोखरच ख्रिस्तपूर्व आहे. इ.स.पू. 7व्या शतकाच्या आसपासचं, घडीव दगडांचं, चुन्याशिवाय रचलेलं, आणि भिंती अजून उभ्या. तिथला देव अल्मकाह. तो तांबड्या समुद्रापलीकडच्या सबा राज्याचा, म्हणजे आजच्या येमेनमधला. त्याचं मुख्य ठाणं मारिब. पण अक्सुम या तिथल्या प्राचीन राज्याचा राजा एझाना स्वतःला ‘अजिंक्य महरेमचा पुत्र’, म्हणजे युद्धदेवाचा पुत्र, म्हणवून घेतो, ते इ.स.च्या 4थ्या शतकात. म्हणजे ख्रिस्तजन्माला तीनशे वर्षं उलटून गेल्यावर! त्याच्या आधीच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि बिंब दिसतं, तो ख्रिस्ती झाल्यानंतरच्या नाण्यांवर क्रूस. तेव्हा ‘ख्रिस्तीपूर्व’ लिहा, किंवा ‘ख्रिस्ती होण्याआधीचा’ असं ऐसपैस लिहा. एका ईकारानं तीनशे वर्षांचा फरक पडतो आहे.

आता ‘हबशी’. हा शब्द तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे. एझानाने बेजा या शेजारच्या लोकांवरच्या मोहिमेचा एक लेख दगडावर तीनदा कोरून घेतला: एकदा ग्रीकमध्ये, एकदा गीझ या इथिओपियाच्या प्राचीन भाषेत गीझ लिपीत, आणि एकदा गीझच, पण दक्षिण अरबी लिपीत, उजवीकडून डावीकडे. त्यात राजाच्या बिरुदावलीत ग्रीक मजकूर जिथे ‘ऐथिओपियन’ म्हणतो, तिथे दुसरीकडे ‘हबशत’ आहे. तेच नाव अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलं. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखाला ‘हबसाण’ म्हणत ते त्यावरूनच. इथिओपियाच्या डोंगराळ भागातले लोक आजही स्वतःला अभिमानाने ‘हबेशा’ म्हणवतात. मात्र मराठीत ‘हबशी’ हा शब्द रंगरूपावरून हिणवायलाही वापरला गेला आहे, त्यामुळे इतिहासाच्या संदर्भाबाहेर मी तो टाळेन. दुसरी अडचण मोठी आहे. ओरोमो हा इथिओपियातला सर्वांत मोठा समाज, आणि त्यातले पुष्कळ जण स्वतःला हबेशात धरत नाहीत.

‘मूर्तिपूजक’ चुकीचं आहे असं नाही. वरच्याच लेखात विजयानंतर महरेमला सोन्याचा एक, रुप्याचा एक आणि काशाचे तीन पुतळे वाहिल्याची नोंद आहे. पण आपण मराठी माणसं हा शब्द वाचून काय नवीन शिकणार? देवघरासमोर बसून ‘ते मूर्तिपूजक होते’ असं लिहिणं जरा गमतीचंच. मिशनरी लिखाणातला तुच्छतेचा वासही त्याला आहे. त्यापेक्षा देवांची नावंच द्यावीत.

महरेम हा राजघराण्याचा आणि युद्धाचा देव; ग्रीक मजकुरात त्याच्या जागी सरळ ‘अरेस’ येतो. एझानाच्या दुसऱ्या एका लेखात अस्तर, बेहेर आणि मेद्र या तिघांना सिंहासन अर्पण केल्याचं आहे. अस्तर हा नावाने बाबिलोनच्या इश्तार देवीचा सगा, पण इकडे तो पुरुष आहे, त्यामुळे ‘अस्तरदेवी’ लिहू नका. तिग्रे भाषेत ‘अस्तर’ म्हणजे आकाश. मेद्र म्हणजे पृथ्वी, यात वाद नाही. वाद आहे तो बेहेरचा. काही अभ्यासक त्याला ‘बाह्र’ म्हणजे समुद्राशी जोडतात, कारण अदुलिस या तांबड्या समुद्रावरच्या अक्सुमच्या बंदरातल्या एका ग्रीक लेखात झ्यूस, अरेस आणि पोसायडन अशी त्रयी आहे आणि पोसायडन तर समुद्राचा. मला ही ओढाताण वाटते. गीझमध्ये ‘बेहेर’चा साधा अर्थ भूमी, देश. अम्हारिक आणि तिग्रिन्या या तिथल्या आजच्या भाषांत ख्रिस्ती देवाला आजही ‘एग्झिअब्हेर’ म्हणतात, त्याची फोड ‘भूमीचा स्वामी’ अशीच होते. यावरून ‘जुना देव नव्या नावात दडला’ अशी वाक्यं लिहायचा मोह होतो, पण इथे बेहेर हे सामान्यनाम म्हणून पुरेसं आहे.

‘निसर्गपूजक’ हाही शब्द सुचेल. नको. तो ओरोमोंना सर्रास चिकटवला जातो, आणि त्यांचा ‘वाका’ हा तर एकच आकाशस्थ निर्माता. त्यांच्या परंपरेला स्वतःचं नाव आहे: वाकेफन्ना. पावसाळा संपला की बिशोफ्तूच्या होरा अर्सदी तळ्याकाठी हातात हिरवं गवत आणि फुलं घेऊन वाकाचे आभार मानतात, तो इरेचा सण. हे सगळं भूतकाळात ढकलता येत नाही. शिवाय ओरोमो बायबलातही देवासाठी ‘वाकायो’ हाच शब्द आहे.

तेव्हा शीर्षक ‘अक्सुमचे जुने देव’ असं ठेवा, येहाला ‘अक्सुमच्या आधीचं’ म्हणा, आणि ओरोमोंसाठी वेगळा परिच्छेद करून त्यात वर्तमानकाळ वापरा. आणि हो, ‘ॲक्झम’ नको. स्थानिक उच्चाराला ‘अक्सुम’ जवळचं आहे.