नोकरीचा करार : कोणती अट टिकते?

प्रश्न : आमचा चाकणला सुट्या भागांचा कारखाना आहे. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही’ अशी अट डिझाइनप्रमुखाने मान्य केली होती. आता तो शेजारच्याच कंपनीत निघालाय. अडवता येईल का?

उत्तर : त्या अटीवर नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. धंद्याची गुडविल, म्हणजे नाव आणि जमवलेली गिऱ्हाइकं, विकणाऱ्याला अपवाद आहे, नोकरदाराला नाही. नोकरीची मुदत चालू असतानाचं बंधन मात्र टिकतं. कल्याणच्या टायर-कॉर्ड कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोट्याच्या रेयॉन कंपनीत गेला, तेव्हा उरलेल्या मुदतीपुरती मनाई सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली कायम ठेवली.

म्हणून पुढच्या करारात जोर लावा तो नोटिशीच्या मुदतीवर आणि गोपनीयतेवर. तीन महिन्यांची नोटीस ठेवा आणि त्या काळात पूर्ण पगार देऊन घरी बसवण्याचा हक्क लिहून घ्या. तोवर तो तुमच्याच पटावर असतो. गोपनीयतेत ‘कंपनीची सर्व माहिती’ असं मोघम लिहू नका. डायचे ड्रॉइंग, दर काढण्याची शीट, ग्राहकनिहाय किमती असं नावानिशी लिहा. माणसाच्या हातातलं कसब त्याचंच आहे, ते कागदावर बांधता येत नाही, आणि येऊही नये.

प्रश्न : तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरण्याचा बाँड चालतो का?

उत्तर : चालू शकतो. एका सरकारी बँकेचा नेमका असाच बाँड सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवला. नव्याने भरती करण्याचा खर्च तिथे ग्राह्य धरला गेला. पण करार कायद्याच्याच कलम ७४ नुसार करारातली रक्कम ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. प्रशिक्षणाची बिलं जपून ठेवा. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवणं मात्र सरळ अन्याय आहे.

प्रश्न : मी एका कंपनीत वित्तप्रमुख म्हणून रुजू होतेय. ‘बोनस व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार’ असं लिहिलंय. सही करू?

उत्तर : आधी बदलून घ्या. निकष, मोजणीची तारीख आणि वर्षाच्या मधेच सोडल्यास किती हिस्सा मिळेल, हे तिन्ही लिहून हवं. ‘गैरवर्तन’ म्हणजे काय तेही. लवादाची, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याची, अट असेल तर तो लवाद एकटी कंपनी नेमणार नाही, एवढं पाहा.